प्रकाशाचा वेग मोजायचा तो नक्की कशाच्या सापेक्ष?

कोयनाकाठ
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, जिथे वाचावं तिथे तो एका ओळीत उरकलेला असतो म्हणून इथे धागा काढतेय. वेग म्हटला की तो कशाच्या तरी तुलनेत असतो हे आपण शाळेपासून शिकतो. कोयना एक्सप्रेस ताशी ८० ने चाललीय म्हणजे रुळांच्या तुलनेत, डब्यात खिडकीशी बसलेल्या माणसाच्या तुलनेत डबा जागचा हललेला नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो तो हवेच्या तुलनेत. मग प्रकाशाचा सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर हा जो आकडा छापतात तो कशाच्या तुलनेत? पृथ्वीच्या म्हणावं तर ती स्वतः सूर्याभोवती सेकंदाला ३० किमीने पळतेय, सूर्याच्या म्हणावं तर तो आकाशगंगेत फिरतोय. पुस्तकात 'निर्वात पोकळीत' असं लिहितात पण पोकळीत काही मैलाचा दगड रोवलेला नसतो की तिथून मोजावं. "सगळ्यांच्या सापेक्ष सारखाच" हे उत्तर मला पाठ आहे. पण हे मानायला शास्त्रज्ञांना भाग कशाने पाडलं, आणि ते खरं असेल तर बाकीचा हिशोब कसा जुळतो, हे कुणीतरी नीट उलगडून सांगा. लांबलचक लिहिलंत तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

वाचकमात्र
रुमाल टाकून ठेवतो. जाणकार येऊ द्यात.

अनुस्वार
जो मोजतो त्याच्या सापेक्ष. गाडीत बसून मोजा, फलाटावर उभं राहून मोजा, अवकाशात यानातून मोजा, निर्वातात आकडा तोच येणार. अट एवढीच की मोजणारा एकसारख्या वेगाने सरळ जात असला पाहिजे, वळत नको, वेग वाढवत-घटवत नको. पण ताईंना हे माहितेय, त्यांना 'का' हवंय, त्यामुळे मास्तरांची वाट बघू.

गणितमास्तर
कोयनाताई, एकोणिसाव्या शतकातल्या भल्याभल्यांना हा प्रश्न पडला होता आणि तेव्हा त्याला उत्तर नव्हतं, त्यामुळे तो एका ओळीत उरकणं बरोबर नाहीच.

प्रकाशाला वेग आहे हे कळलं तेव्हा 'कशाच्या सापेक्ष' असं कुणी विचारलं नव्हतं. रोमरने १६७६ मध्ये पॅरिसला गुरूच्या आयओ या चंद्राची ग्रहणं बघून सांगितलं की पृथ्वी गुरूपासून लांब जात असताना ती उशिरा दिसतात, जवळ येत असताना लवकर, तेव्हा प्रकाशाला यायला वेळ लागत असणार. पुढे १८४९ मध्ये फिझोने दातेरी चाक गरागरा फिरवून, साडेआठ किलोमीटरवर आरसा ठेवून, जमिनीवरच वेग मोजला, आकडा आजच्यापेक्षा पाचेक टक्के जास्त आला पण पद्धत पक्की होती. इथपर्यंत कुणाला काही अडचण नव्हती.

अडचण आणली मॅक्सवेलने. विजेचे आणि चुंबकाचे प्रयोगशाळेत टेबलावर मोजलेले स्थिरांक त्याने आपल्या समीकरणांत घातले तर त्यातून विद्युतचुंबकीय लाटेचा वेग निघाला, आणि तो प्रकाशाच्या मोजलेल्या वेगाला लागून होता. १८६५ ला हे छापून आलं. प्रकाश ही अशीच लाट आहे हे त्यातून कळलं ते मोठंच, पण तुमच्या प्रश्नासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. त्या समीकरणांतून वेगाचा आकडा निघतो, पण कुणाच्या तुलनेत हे सांगणारं एकही अक्षर त्यात नाही! आवाजाच्या समीकरणात हवेचा दाब आणि घनता येते, म्हणजे हवा तिथे हजर असते. इथे तसं काहीच हजर नाही. लोकांनी साहजिकच म्हटलं की लाट आहे तर माध्यम पाहिजेच, त्याचं नाव ईथर, आणि हा वेग त्या ईथरच्या तुलनेतला. तुमच्या प्रश्नाचं हे पहिलं अधिकृत उत्तर होतं आणि बराच काळ त्याच्यावर फारशी कुणाला शंका नव्हती.

कोयनाकाठ
सर, मग ते उत्तर पडलं कसं? ईथर दिसत नाही म्हणून सोडून दिलं की त्याची खरंच कुणी तपासणी केली?

गणितमास्तर
तपासणी केली, आणि कशी केली ते जरा सविस्तर सांगतो. मायकेलसन-मॉर्ले हे नाव सगळे घेतात पण तो प्रयोग कुणी डोळ्यासमोर आणत नाही.

१८८७ चा जुलै महिना, अमेरिकेतलं क्लीव्हलंड शहर, एक तळघर. बिडाच्या गोल कुंडात पारा भरलाय, पाऱ्यावर लाकडाचं कडं तरंगतंय, आणि त्या कड्यावर दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद, तीस सेंटिमीटर जाड अशी दगडी शिळा ठेवलीय. पारा कशासाठी, तर शिळा गोल फिरवताना तिच्यावर ताण येऊ नये आणि रस्त्यावरच्या गाड्यांचे हादरे तिच्यापर्यंत पोचू नयेत म्हणून. शिळेच्या चारी कोपऱ्यांत आरसे, मध्यात अर्धवट चांदी चढवलेली काच. दिव्याचा किरण त्या काचेवर दोन भागांत फुटतो, एक सरळ, एक काटकोनात, दोन्ही भाग आरशांवर येरझाऱ्या घालतात त्यामुळे प्रत्येक बाजूची लांबी ११ मीटरपर्यंत जाते, आणि मग ते परत एकत्र येऊन दुर्बिणीत काळे-उजळ पट्टे उमटवतात. शिळेला एकदा हलकेच ढकललं की ती सहा मिनिटांत एक फेरा या चालीने फिरत राहते. बघणारा दुर्बिणीला डोळा लावून शिळेबरोबर गोल गोल चालतोय, थांबायचं नाही, आणि एका फेऱ्यात सोळा ठिकाणी पट्टा नेमका कुठे आहे ते टिपायचं.

पृथ्वी ईथरमधून ३० किमीने जात असेल तर एका दिशेच्या आणि काटकोनातल्या दिशेच्या प्रकाशाला यायला किंचित वेगळा वेळ लागला पाहिजे, आणि शिळा फिरेल तसा पट्टा सरकला पाहिजे, पट्ट्याच्या रुंदीच्या ०.४ पट. ०.४ म्हणजे त्या यंत्राला सहज दिसणारी गोष्ट. प्रत्यक्षात जे सरकणं दिसलं ते अपेक्षेच्या विसाव्या भागापेक्षा नक्की कमी होतं, बहुधा चाळिसाव्या भागापेक्षाही. दुपारी बघितलं, संध्याकाळी बघितलं, तेच. म्हणजे ईथर असलाच तर पृथ्वी त्याच्यातून चाललीय याचा पत्ता प्रकाश लागू देत नव्हता.

आणि हे १८८७ वर थांबलेलं नाही बरं का. लेझर आणि अतिथंड पोकळ्या वापरून तोच प्रयोग लोक करत राहिलेत. २००९ मध्ये जर्मनीत झालेल्या मोजणीत दिशेनुसार प्रकाशाच्या वेगात एकावर सतरा शून्यांत एक भाग एवढाही फरक सापडला नाही.

निळीशाई
मास्तर, माझा एक मुद्दा आहे. यावरून 'सगळ्यांच्या सापेक्ष सारखा' हे लगेच सिद्ध होत नाही. सोपा पर्याय असा की प्रकाश ज्या दिव्यातून निघाला त्या दिव्याच्या सापेक्ष त्याचा वेग ठरलेला असेल, बंदुकीच्या गोळीसारखा. क्लीव्हलंडच्या तळघरात दिवाही पृथ्वीवर आणि आरसेही पृथ्वीवर, मग फरक दिसणारच कसा?

गणितमास्तर
निळीशाई, अगदी रास्त मुद्दा. वॉल्टर रिट्झने १९०८ मध्ये हेच मांडलं होतं. त्याला उत्तर आकाशातून आलं. १९१३ मध्ये डी सिटरने जोडताऱ्यांकडे बोट दाखवलं. दोन तारे एकमेकांभोवती फिरतायत, त्यातला एक कधी आपल्याकडे येतोय तर कधी लांब जातोय. दिव्याचा वेग प्रकाशाला मिळत असता तर आपल्याकडे येताना सोडलेला प्रकाश जास्त वेगाने निघून, लांब जाताना आधीच सोडलेल्या प्रकाशाला वाटेत गाठून पुढे गेला असता. एवढ्या लांबच्या प्रवासात थोडासा फरकही साठत जातो. मग तारा एकाच वेळी दोन जागी दिसला असता, कक्षा वेड्यावाकड्या दिसल्या असत्या. तसं काही दिसत नाही, जोडतारे केप्लरच्या नियमाने शिस्तीत फिरताना दिसतात.

त्याहून थेट पुरावा १९६४ चा, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतला. तिथे प्रकाशाच्या ९९.९७५ टक्के वेगाने पळणारे पायॉन नावाचे कण तयार केले, हे कण लगेच फुटून गॅमा किरण सोडतात. गोळीचा नियम लागू असता तर पुढे सुटलेल्या गॅमा किरणांचा वेग जवळपास दुप्पट मिळायला हवा होता. ठरावीक अंतर कापायला त्यांना लागलेला वेळ मोजला, वेग आला तो नेहमीचाच. दिव्याच्या वेगाने प्रकाशाला काही फरक पडत नाही हे तिथे मिटलं.

अनुस्वार
म्हणजे माध्यमाच्या सापेक्ष नाही, दिव्याच्याही सापेक्ष नाही. दोन्ही दारं बंद. १९०५ मध्ये बर्नच्या पेटंट ऑफिसात नोकरी करणाऱ्या आइन्स्टाइनने जे केलं ते मला म्हणूनच फार धाडसी वाटतं. लॉरेंट्झ आणि फिट्झजेराल्ड ईथर ठेवून, त्यातून जाताना वस्तू आखडतात असं म्हणून हिशोब बसवत होते, गणित बसतही होतं. याने म्हटलं की ईथरची गरजच नाही. मॅक्सवेलच्या समीकरणांत तुलनेची वस्तू नाही ना, तर ती नाहीच असं समजा, समीकरणं जशी आहेत तशी एकसारख्या वेगाने सरळ जाणाऱ्या प्रत्येक मोजणाऱ्याला लागू, मग वेगही प्रत्येकाला तोच, आणि याच्या आड जे येईल ते बदला. आड आला तो आपला वेळाचा समज.

रोव्हरवाला
मी जमीन मोजणीचं काम करतो, रोव्हर (जीपीएसवर चालणारं मोजणीचं यंत्र) घेऊन बांधाबांधावरून फिरणारा माणूस, त्यामुळे थिअरीत फार खोल जात नाही पण हा प्रश्न आमच्या रोजच्या कामातला आहे म्हणून लिहितो. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किमी उंचीवर, सिग्नल खाली यायला साधारण ०.०७ सेकंद, आणि रोव्हर करतो काय तर सिग्नल कधी निघाला कधी पोचला ते बघून त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणतो, झालं अंतर. एक मायक्रोसेकंद इकडेतिकडे झाला की ३०० मीटरची चूक, म्हणजे एकाचं शेत दुसऱ्याच्या गावात.

आता कशाच्या सापेक्ष? आमच्याकडे याचं सरळ उत्तर आहे. पृथ्वीच्या मध्याशी बांधलेली पण पृथ्वीबरोबर न फिरणारी चौकट, म्हणजे जिच्या तुलनेत सगळं मोजायचं ती, धरायची आणि त्या चौकटीत प्रकाशाचा वेग सगळीकडे सारखा घ्यायचा. जमिनीला चिकटलेली, पृथ्वीबरोबर फिरणारी चौकट घेऊन तसंच केलं तर उत्तर चुकतं, कारण त्या ०.०७ सेकंदात आपल्या महाराष्ट्राची जमीन पूर्वेला ३० मीटरच्या आसपास सरकलेली असते. सिग्नल निघाला तेव्हा रोव्हर जिथे होता तिथे तो पोचताना नसतो. ही दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये आत बसवलेली असते, आम्हाला दिसतही नाही, पण ती काढली तर बांध मोजायचं काम बंदच.

घड्याळाचंही तसंच. उपग्रह वेगात आहे म्हणून त्याचं घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतं, वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ पुढे जातं, एकूण ३८ पुढे. म्हणून ते आधीच हळू लावून पाठवतात, १०.२३ मेगाहर्ट्झच्या जागी १०.२२९९९९९९५४३ वर. मला हा आकडा पहिल्यांदा कळला तेव्हा मी किती तरी वेळ त्याच्याकडे बघत होतो.

कोयनाकाठ
रोव्हरवाला, फार छान लिहिलंत, हे कुठल्याच पुस्तकात असं सापडलं नव्हतं. म्हणजे न वळणारी कुठलीही चौकट घ्या, वेग तोच. वळणारी घेतली की भानगड.

अनुस्वार
हो, आणि त्या भानगडीचा उपयोगही आहे. गोल वेटोळ्यात दोन्ही बाजूंनी प्रकाश सोडला आणि वेटोळं फिरत असेल तर दोन्ही किरण एकाच वेळी परत येत नाहीत, फ्रान्सच्या सान्याकने १९१३ मध्ये हे दाखवलं. विमान किती वळलं हे सांगणारे लेझर जायरोस्कोप यावरच चालतात. याने आइन्स्टाइन खोटा ठरतो असं काही जण म्हणतात पण नाही ठरत, कारण बाहेरच्या न फिरणाऱ्या चौकटीतून बघा, दोन्ही किरण त्याच वेगाने जातायत, फक्त शेवटची रेघ एकाच्या पुढे पळतेय आणि दुसऱ्याला सामोरी येतेय.

पारिजात
मला खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कुणी सोडवत नाही. सगळे म्हणतात वेळ मंदावते, लांबी आखडते, म्हणून प्रकाशाचा वेग सारखा येतो. मी आकडे घालून बघितले, नाही येत! समजा यान प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने निघालं आणि त्याच क्षणी त्याच जागेवरून त्याच दिशेने प्रकाशाचा ठिपका निघाला. जमिनीवरच्या १० सेकंदांनी प्रकाश १० प्रकाश-सेकंद अंतरावर (प्रकाश एका सेकंदात जातो ते अंतर म्हणजे एक प्रकाश-सेकंद), यान ६ वर, मध्ये अंतर ४. या वेगाला वेळ मंदावण्याचा आणि लांबी आखडण्याचा गुणक १.२५ येतो, म्हणजे यानातल्या घड्याळात १० ऐवजी ८ सेकंद झाले. यानाच्या मोजपट्ट्या आखडलेल्या म्हणून आमचं ४ चं अंतर त्यांना ५ भरणार. ५ भागिले ८, वेग आला ०.६२५. एक यायला हवा होता ना? आता सांगा.

वाचकमात्र
हे भारी आहे. मीही हेच गणित करून अडकलेलो.

गणितमास्तर
पारिजात, तुमचं गणित जिथपर्यंत आहे तिथपर्यंत बरोबर आहे, आणि या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच. घड्याळ मंदावणं आणि पट्टी आखडणं एवढ्यावर हिशोब जुळतच नाही, तिसरी गोष्ट लागते, ती लोक सांगायची विसरतात. लांब अंतरावरच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या का, यावर जमीन आणि यान यांचं एकमत होत नाही.

तुम्ही म्हणालात की यानात ८ वाजले 'तेव्हा' प्रकाश पुढे होता. हे 'तेव्हा' जमिनीचं आहे. यानाचं नाही. यानवाल्यांनी अंतर कसं मोजावं? समजा यानाच्या पुढे, यानाच्याच वेगाने, एकामागे एक लहान यानं चाललीयत आणि प्रत्येकात एक घड्याळ. ती सगळी घड्याळं यानवाल्यांनी आपसात प्रकाशाचे इशारे पाठवून नीट मिळवून घेतलीयत. त्यातलं एक बरोबर ५ प्रकाश-सेकंद पुढे आहे, यानाच्या पट्टीने. जमिनीच्या १० व्या सेकंदाला प्रकाशाचा ठिपका नेमका त्याच्याजवळून जातो. तुम्ही काढलेलं ५ हेच.

आता जमिनीवरून बघितलं तर यानवाल्यांची घड्याळं एकमेकांशी मिळालेलीच नाहीत. पुढचं घड्याळ मागच्यापेक्षा मागे पडलेलं दिसतं, किती, तर अंतर गुणिले वेग, ५ × ०.६ = ३ सेकंद. मागच्या यानात ८ वाजले तर पुढच्यात ८ उणे ३, म्हणजे ५. प्रकाश त्या घड्याळाजवळून गेला तेव्हा त्याचा काटा ५ वर होता. अंतर ५, वेळ ५, वेग १.

आणि यानवाल्यांना विचारलं की तुमच्या ८ ला प्रकाश कुठे होता, तर ते म्हणतील ८ वर, ५ वर तो आमच्या ५ व्या सेकंदालाच होता.

पारिजात
थांबा, परत करून बघते.

पारिजात
जुळलं!! ०.८ पट घेऊन पण केलं. जमिनीच्या १० सेकंदांनी अंतर २, गुणक १.६६..., यानाच्या पट्टीने ३.३३, यानात ६ सेकंद, पुढचं घड्याळ ३.३३ × ०.८ = २.६७ ने मागे, ६ मधून गेले २.६७, राहिले ३.३३. बरोबर एक. हे शाळेतच असं आकड्यात का दाखवत नाहीत, मनापासून वाटतंय, नुसतं 'काळ मंदावतो' म्हणून सोडून देतात आणि मुलं गप्प बसतात.

गणितमास्तर
शाब्बास. ज्युनिअर कॉलेजात शिकवत होतो तेव्हा मी हे दोन तास घेऊन फळ्यावर करायचो, अभ्यासक्रमात नसलं तरी. मुलांना सूत्र देऊन मोकळं होणं मला कधी पटलं नाही. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने जुळवलं की मग तो आकडा 'कशाच्या सापेक्ष' हा प्रश्न आपोआप बारीक होतो.

निळीशाई
यातूनच आणखी एक गोष्ट सुटते. जमिनीवरून बघताना यान आणि प्रकाश यांच्यातलं अंतर सेकंदाला फक्त ०.४ ने वाढत होतं. समोरासमोर दोन लेझर लावले तर दोन किरणांमधलं अंतर आपल्या हिशोबाने प्रकाशाच्या दुप्पट वेगाने कमी होतं. यात नियम मोडत नाही. दोन गोष्टींमधलं अंतर तिसऱ्याने मोजणं वेगळं, आणि त्यातल्या एकीवर बसून दुसरीचा वेग मोजणं वेगळं. नेटवरची अर्धी भांडणं या एका गोंधळातून होतात.

सह्यवेडी
पण हे सगळं कागदावर ना? प्रत्यक्षात कुणी ०.८ पट वेगाने गेलंय का?

अनुस्वार
माणूस नाही पण म्युऑन गेलेत, आत्ता तुमच्या अंगातून जातायत. वातावरणात वर, साधारण १५ किमीवर, अवकाशातून येणारे वैश्विक किरण आपटून हे कण तयार होतात, त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने पळाले तरी तेवढ्यात ६६० मीटर जातील. तरीही ते जमिनीपर्यंत भरपूर पोचतात कारण आपल्या हिशोबाने त्यांचं घड्याळ मंद चालतं. उटीला टीआयएफआर या संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ प्रयोग आहे, त्यातली मोठी दुर्बीण हे म्युऑन मोजायलाच बांधलीय.

ध्रुव_नाशिक
मला अजूनही वाटतं की स्थिर चौकट आहे. महास्फोटानंतर उरलेलं जे सूक्ष्मलहरींचं प्रारण सगळीकडे पसरलंय त्याच्या तुलनेत आपली सूर्यमाला सेकंदाला ३७० किमीने सिंह राशीच्या बाजूला जातेय हे मोजलंय. पुढच्या बाजूचं प्रारण किंचित गरम दिसतं, मागचं किंचित थंड. मग हीच विश्वाची खरी चौकट, प्रकाशाचा वेग तिच्याच सापेक्ष म्हणायला काय हरकत?

गणितमास्तर
ध्रुव, आकडा बरोबर आहे आणि ती चौकट विश्वाचा इतिहास मांडायला फार सोयीची आहे, खगोलवाले ती सर्रास वापरतात. पण ती त्या प्रारणाची चौकट झाली. तुमच्या खोलीतल्या यंत्राला विचारा की तू ३७० ने चाललायस का, खिडकी बंद करून, बाहेर न बघता. नाही सांगता येणार. मायकेलसनच्या शिळेला ३० कळले नाहीत, आजच्या लेझरना ३७० कळत नाहीत. प्रकाशाचा वेग त्या चौकटीत तेवढाच आणि आपल्या चौकटीतही तेवढाच, मग 'तिच्याच' म्हणण्यात हाती काय लागतं?

ध्रुव_नाशिक
पटतंय बऱ्यापैकी. विचार करतो यावर.

सह्यवेडी
आणि पाण्यात, काचेत प्रकाश हळू होतो तो?

अनुस्वार
तिथे मात्र तुलनेची वस्तू खरंच असते, ते पाणी किंवा ती काच. स्थिर पाण्यात सव्वादोन लाख किमी. वाहत्या पाण्यात काय होतं हे फिझोनेच १८५१ मध्ये नळीतून पाणी पळवून बघितलं. पाण्याचा वेग प्रकाशाच्या वेगात पूर्ण मिळत नाही, शेकडा ४४ च्या आसपासच मिळतो. त्या काळी कारण कुणाला धड लावता आलं नाही. १९०५ नंतर वेग मिळवायचं नवं सूत्र आलं, दोन वेगांची बेरीज भागिले एक अधिक त्यांचा गुणाकार (वेग प्रकाशाच्या पटीत धरून), त्यात पाण्यातला प्रकाश ०.७५ आणि पाण्याचा छोटासा वेग घाला, ४४ टक्के आपोआप पडतात. एका बाजूला १ घाला, म्हणजे निर्वातातला प्रकाश, मग दुसऱ्या बाजूला काहीही घाला, उत्तर १ च.

औंढेकर
नमस्कार मंडळी, मी हिंगोली जिल्ह्यातला, औंढा नागनाथकडचा. हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून पहिल्यांदाच लिहायलोय. सर, तुम्ही ती दगडी शिळा सांगितली ना, तिचीच मोठी बहीण आमच्याकडं येणारंय. लायगो-इंडिया. काटकोनात दोन नळ्या, एकेक चार किलोमीटरची, आत निर्वात, लेझरचा किरण फोडून दोन्हीकडं पाठवायचा आणि परत आल्यावर मिळवायचा, तत्त्व तेच मायकेलसनचं. केंद्राची मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये आली, खर्च २६०० कोटींच्या घरात. गावातले लोक विचारतात की बाबा हे काय मोजणार, तर मी सांगतो, नळीची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी बदलली तरी याला कळतं. लोकांचा विश्वास बसत नाही. पण अमेरिकेत सप्टेंबर २०१५ मध्ये अशाच यंत्रानं गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशच किंचित ताणणारी-आखडणारी लाट, पकडली हे खरंय ना.

कोयनाकाठ
औंढेकर, स्वागत! लिहीत राहा इथे. हे मला माहीतच नव्हतं की दोन्ही यंत्रं एकाच जातीची आहेत.

गणितमास्तर
औंढेकर, फार आनंद झाला. कोयनाताई, गंमत बघा, एका यंत्राने फरक दिसला नाही म्हणून जग बदललं आणि त्याच घडणीच्या दुसऱ्याने फरक दिसला म्हणून नोबेल मिळालं. १९०७ मध्ये मायकेलसनलाही मिळालं होतं, त्याच्या अचूक प्रकाशयंत्रांसाठी.

निळीशाई
एक शेवटचा टोचणारा मुद्दा. आत्तापर्यंतच्या बहुतेक मोजण्या जाऊन-येऊन वेळेच्या आहेत, आरशावरून परत. जातानाचा आणि येतानाचा वेग वेगळा असेल आणि सरासरी तेवढी येत असेल तर? रोव्हरवाल्यांचा सिग्नल तर एकाच दिशेने येतो, त्यातून हे कळतं का?

रोव्हरवाला
नाही कळत असं मला वाटतं. उपग्रहांची घड्याळं मिळवून घेतात तीच मुळात दोन्ही दिशांना वेग सारखा धरून. जे आधीच धरलंय ते त्याच घड्याळांनी परत कसं तपासणार?

गणितमास्तर
रोव्हरवाला, नेमकं बोललात. एका दिशेचा वेग मोजायचा तर दोन टोकांना दोन घड्याळं लागतात, आणि ती मिळवायची कशी हाच प्रश्न. घड्याळ हळूहळू उचलून पलीकडे नेलं तरी त्यात हेच गृहीत दडलेलं निघतं. आइन्स्टाइनने १९०५ च्या लेखात हे लपवलेलं नाही, जातानाचा आणि येतानाचा वेळ सारखा धरून घड्याळं मिळवायची अशी व्याख्याच त्याने सुरुवातीला केलीय. प्रयोगाने तपासलेलं आहे ते फेरीचं: कुठल्याही दिशेला जाऊन परत या, न वळणाऱ्या कुठल्याही चौकटीत, वेग तोच.

पारिजात
म्हणजे माझ्या गणितातला तो ३ सेकंदांचा फरक पण या घड्याळं मिळवण्याच्या रीतीतूनच आला?

गणितमास्तर
हो. जमिनीने आपल्या रीतीने मिळवली, यानाने त्याच रीतीने आपली मिळवली, आणि दोन्ही रीती सारख्या असूनही निकाल वेगळे आले. रीत दुसरी घेतली तर ते ३ सेकंद वेगळे दिसतील, समीकरणं जास्त किचकट होतील, पण प्रकाश आरशावरून परत यानात पोचेल तेव्हा यानातल्या त्या एकाच घड्याळात जे वाजले असतील ते मात्र कुठल्याही रीतीने बदलत नाहीत. ५ प्रकाश-सेकंदांवरच्या त्या पुढच्या यानात आरसा बसवून करून बघा, १० यायला हवेत.

पारिजात
आले. १०.